जुन्या फोटोतला पंचकल्याणी: हा अलीपाशाचा मसूद असेल का?

जुनी_पेटी:

नमस्कार मंडळी. अरबी घोडे आणि त्यांच्या वंशावळी यांत मुरलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतेय.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात फौजेत सालोत्री (घोड्यांचे वैद्य) होते, आणि त्यातला बराच काळ इजिप्तमध्ये, कैरोच्या आसपास. त्यांच्या अल्बममध्ये घोड्यांचे पाच फोटो आहेत. चार साधेच आहेत, तळावर ओळीने बांधलेली जनावरं. पाचवा मात्र जाड कार्डावर चिकटवलेला आहे, एक कोपरा तुटलाय. त्यात एकच घोडा, आडवा उभा, तोंड डावीकडे. अंग जवळजवळ काळं. चारही पाय पांढरे, पुढचे गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, मागचे त्याहून वर. कपाळापासून नाकपुड्यांपर्यंत पांढरा पट्टा. लांब झगा घातलेला मोतद्दार लगाम धरून उभा आहे. मागे उन्हाची हॅट घातलेला एक गोरा अफसर, अर्धा घोड्याच्या आड. त्यामागे मातीची भिंत आणि खजुराची दोन झाडं.

फोटोच्या पाठीवर पणजोबांच्या अक्षरात, पेन्सिलीने: "अलीपाशाचा पंचकल्याणी. मसूद?" प्रश्नचिन्ह त्यांचंच. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा.

शोधायला बसले तर मसूद नावाचा खरोखरच गाजलेला घोडा निघाला. कैरोच्या अली पाशा शरीफच्या पागेतला, चारही पाय पांढरे, तोंडावर पट्टा. मी उडालेच. पण जिथे वाचावं तिथे त्याचा रंग सुरंग, म्हणजे तांबूस, दिलाय, आणि आमच्या फोटोतला घोडा तर काळाकुट्ट. सुरंग घोडा फोटोत इतका काळा दिसू शकतो का? नुसता चेहरा आणि बांधा बघून रक्त कुठलं ते सांगता येतं का? चुलतभाऊ फोटो मोठा करून खाली पितळी पाटी लावायला निघालाय, त्यामुळे जरा घाई आहे.

---

अश्वमित्र७:

अभिनंदन! मला तर शंकाच वाटत नाही. कपाळ फुगीर, नाकाचं हाड आत दबलेलं, शेपूट कमानीसारखी उचललेली. शंभर टक्के अस्सल रक्त, आणि डोकं तर सरळसरळ सकलावी या अरबी घोड्यांच्या घराण्यातलं. पणजोबा सालोत्री होते, रोज शेकडो घोडे हाताखालून जायचे. त्यांनी मसूद लिहिलंय तर मसूदच. पाटी करून टाका.

---

पागेदार:

ताई, पाटीवाल्याला आगाऊ पैसे दिले नसतील तर थोडं थांबा.

आधी रंगाचं, कारण त्यात तुमची बाजू बळकट आहे. घोडा काळा दिसतो म्हणून मसूद बाद, असं होत नाही. फोटो ज्यांवर उमटायचा त्या जुन्या काचा फक्त निळा आणि जांभळा उजेड पकडायच्या. १८८० नंतर हिरवा-पिवळाही पकडणाऱ्या काचा आल्या, पण तांबड्याला त्याही आंधळ्याच. सगळे रंग पकडणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात होत्या, तरी हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात त्यानंतरही कितीतरी वर्षं तांबडं न दिसणारी फिल्मच असायची. सुरंग घोड्याचं अंग म्हणजे सगळा तांबडा मामला. उजेड परत आला तरी फिल्मला तो दिसत नाही आणि छापात घोडा काळा उतरतो. पडताळा फोटोतच मिळेल. अफसराच्या कमरेचा पट्टा बघा. तो मुळात तपकिरी कातड्याचा. तोही घोड्याइतकाच काळा आला असेल, तर घोडा सुरंग किंवा कुमैत (तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) असायला काहीच हरकत नाही.

सुरंग की कुमैत हे ठरवताना एरवी आपण पायांकडे बघतो, कारण कुमैताचे पाय, आयाळ आणि शेपूट काळी असते. पंचकल्याणी घोड्यात पांढऱ्याने पाय झाकले जातात, तिथेच पंचाईत. अशा वेळी पांढरं जिथे संपतं त्याच्या लगेच वरची चार बोटं बघायची. कुमैत असेल तर तिथला रंग अंगापेक्षा गडद असतो, पांढऱ्याच्या वर काळी पट्टी बांधल्यागत. सुरंग असेल तर अंगाचाच रंग सरळ पांढऱ्याला येऊन भिडतो. शिवाय आयाळ अंगापेक्षा जराशी जरी उजळ दिसली तरी कुमैत बाद.

आता तुमच्या विरुद्ध जाणारी बाजू. मसूद १८८७ चा. विल्फ्रिड ब्लंट आणि लेडी ॲन ब्लंट या जोडप्याने तो १८८९ मध्ये अली पाशा शरीफकडून घेतला आणि १८९१ मध्ये इंग्लंडला, ससेक्समधल्या त्यांच्या क्रॅबेटच्या पागेत नेला. १९०३ मध्ये तो रशियन साम्राज्यात विकला गेला. अली पाशा स्वतः १८९७ मध्ये वारला आणि त्याच वर्षी उरलेल्या घोड्यांचा लिलाव झाला. म्हणजे तुमचे पणजोबा कैरोत पोचले तेव्हा तिथे ना पाशा होता, ना त्याची पागा, ना मसूद. घोडा तर देश सोडून पंचवीसएक वर्षं झाली होती.

यावर कुणी म्हणेल, जुना फोटो विकत घेतला असेल. म्हणू शकतो. छापाचं वय आणि निगेटिव्हचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९० च्या काचेवरून १९१६ मध्ये नवा छाप काढता येतो, आणि छापाचाच फोटो काढून आणखी एक छापही होतो. म्हणून कार्ड कसलं, कोपरा कसा तुटला, यावरून वेळ ठरवायला जाऊ नये. वेळ चित्राच्या आत शोधायची. तुमच्या चित्रात ती त्या अफसराच्या अंगावर आहे. घोड्याचं वय सांगताना सगळे दातांच्या गोष्टी करतात. फोटोत घोडा तोंड उघडत नाही, तेव्हा मी माणसाच्या कपड्यांकडे बघतो.

अश्वमित्र, डोक्यावरून एवढी खात्री देऊ नका. त्या काळी घोड्याच्या डोक्याशी फोटोवाल्यांनी भरपूर खेळ केलेत. कॅमेरा पुढ्यात, तोंडाच्या जवळ असला तर डोकं मोठं आणि पुठ्ठे (घोड्याचा मागचा भाग) बारीक. तोच कॅमेरा लांब, घोड्याच्या पोटाच्या उंचीवर ठेवला तर पाठ आखूड आणि मान लांब. त्यातून काचेवर पेन्सिल आणि चाकू चालवणारे कारागीर होतेच. गळ्याखालची जाडी खरवडून टाकायची, नाकाचा खळगा गडद करायचा, पाठीमागची माणसं पुसून टाकायची. विक्रीसाठी किंवा छापील पुस्तकासाठी काढलेल्या फोटोत हे सर्रास चालायचं. नाकाच्या रेषेला लागून फिकट धूसर कड दिसली की समजायचं, कुणीतरी हात मारलाय.

मी भरवसा ठेवतो तो घोडा जन्मभर बदलू शकत नाही अशा गोष्टींवर. पांढऱ्याची नेमकी कड, त्यात घुसलेली काळी खाच किंवा ठिपका, आणि कपाळावरचा, मानेवरचा भोवरा. भोवऱ्याची जागा अंगठ्याच्या ठशासारखी ज्याची त्याची. आपल्याकडचे जुने अश्वपरीक्षक भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगायचे. ते सोडून द्या, पण बघायचं कुठे हे त्यांना पक्कं माहीत होतं. आजच्या घोड्यांच्या पासपोर्टातही पांढरं आणि भोवरे आकृतीवर काढावेच लागतात.

तर एक काम करा. फोटो चांगल्या मशीनवर मोठा स्कॅन करा, मोबाइलने काढू नका. मग सांगा: अफसराचा खांद्यावरून येणारा पट्टा कुठल्या खांद्यावर आहे, कॉलर कशी आहे, मनगटावर काही आहे का. घोड्याच्या पायांवरच्या पांढऱ्याची कड चारही पायांची वेगवेगळी वर्णन करा. अंगावर डाग दिल्याच्या खुणा दिसतात का तेही बघा.

---

रंगसूत्र:

पागेदारकाकांनी रंगाचं फोटोच्या अंगाने सांगितलं, मी रक्ताच्या अंगाने थोडं जोडतो. वंशावळ तपासताना हे हत्यार फार कामाचं आहे.

सुरंग रंग दोन्हीकडून यावा लागतो. म्हणून सुरंग नर आणि सुरंग घोडी यांचं शिंगरू सुरंगच होणार. कागदावर आईबाप दोघे सुरंग आणि फोटोत पोर कुमैत, असं दिसलं तर एक तर कागद खोटा किंवा फोटो दुसऱ्याचा. सब्जाचं, म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्या रंगाचं, उलट. तो एका बाजूने आला तरी पुरतो, पण निदान एक तरी पालक सब्जा हवाच. सब्जा पिढी गाळून उगवत नाही. मसूदची आई यमामा सब्जा होती, तिचा सब्जा रंग मसूदकडे आला नाही. म्हणून मसूदच्या एखाद्या सब्जा पोराचा फोटो कुणी दाखवला, तर सब्जा घोडीकडून आलाय का ते आधी बघावं.

सब्जा घोड्यांच्या फोटोत आणखी एक गोची आहे. ते जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. तरुणपणीचा फोटो आणि म्हातारपणीचा फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे घोडे वाटतात. उलट सगळे पांढरे म्हातारे एकसारखेच वाटतात, कारण पायांवरचं आणि तोंडावरचं पांढरं अंगाच्या पांढऱ्यात बुडून जातं. पांढरा अरबी घोडा दिसला की लोक खाली स्कोव्रोनेक लिहून मोकळे होतात. स्कोव्रोनेक १९०९ चा, आजच्या युक्रेनमधल्या अंतोनिनीच्या पागेतला, पुढे इंग्लंडमध्ये गाजला आणि १९३० मध्ये गेला. पण त्याचे मुलगे नसीम, रसैन आणि रॅफल्स हेही सब्जाच होते.

पंचकल्याणीबद्दल: पायांवरचं पांढरं घराण्यात उतरतं, पण साच्यातून काढल्यासारखं उतरत नाही. अरबी घोड्यांवरच झालेल्या अभ्यासात असं दिसलंय की सुरंग घोड्यांत कुमैतांपेक्षा पांढरं जास्त असतं आणि पुढच्या पायांपेक्षा मागच्या पायांवर जास्त. नेमकी कड कुठे थांबते यात नशिबाचाही वाटा असतो. एकाच घोड्यापासून क्लोन करून काढलेल्या शिंगरांचं पांढरंसुद्धा एकमेकांशी जुळत नाही. थोडक्यात, चार पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा एवढ्यावर सुरंग अरबी घोडे ढिगाने सापडतील. त्यातला एक ओळखायचा तर काका म्हणतात तशी कडच हवी.

---

जुनी_पेटी:

स्कॅन झाला. मोठा करून बघताना अंगावर काटा आला, पणजोबांच्या अंगठ्याचा ठसा असावा असा डागसुद्धा कोपऱ्यात दिसतो.

अफसराचा कातडी पट्टा खरंच घोड्याइतका काळा आलाय. तो डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या कमरेकडे जातो. कॉलर उघडी आहे, आत टाय. उजव्या मनगटावर घड्याळ आहे, काचेची चमक स्पष्ट दिसते. तो डावखुरा असेल का?

पाय: आपल्याकडच्या बाजूच्या पुढच्या पायाचं पांढरं पुढून सरळ कापल्यासारखं आहे, पण मागच्या बाजूने, खुराच्या वरच्या सांध्याशी, एक काळी त्रिकोणी खाच आत घुसलीय. पलीकडच्या पुढच्या पायाची कड मोतद्दाराच्या झग्याआड जाते. मागच्या दोन्ही पायांचं पांढरं पुढच्या बाजूने टोक काढून वर चढलंय. पांढऱ्याच्या वर काळी पट्टी नाही, अंगाचाच रंग येऊन भिडतो. आयाळही अंगापेक्षा किंचित उजळ वाटते.

आणि खांद्यावर, वर, बोटभर लांबीच्या तीन समांतर रेघा आहेत. आधी मला तो छापाचा ओरखडा वाटला होता, पण केसांच्या वळणाबरोबर त्याही वळतात.

---

पागेदार:

छान बघितलंत. इतकं नीट वर्णन करणारे इथे फार थोडे.

तुमचा अफसर डावखुरा नाही, तुमचा फोटो उलटा छापलाय. तो पट्टा सॅम ब्राउन पद्धतीचा, आणि त्याचा खांद्यावरचा बंद नेहमी उजव्या खांद्यावरून जातो, कारण तलवार डाव्या कमरेला लटकते. तुमच्याकडे तो डाव्यावर. घड्याळही उजव्या मनगटावर. एकच गोष्ट उलटी असती तर माणसाची तऱ्हा म्हणून सोडली असती. दोन्ही उलट्या म्हणजे निगेटिव्ह पालथी ठेवून छापलीय. जुन्या फोटोंत हे वारंवार घडलंय, छापील पुस्तकांतसुद्धा. आणि यात फोटो बघणाऱ्यांचं फार नुकसान होतं. यादीत लिहिलेलं असतं "उजवा पुढचा पाय पांढरा", फोटोत दिसतो डावा, आणि लोक बरोबर घोडा नाकारून बसतात किंवा भलताच स्वीकारतात. फोटोत माणूस असेल तर कोटाची बटणं, पदकं, तलवार, पट्टा हे आधी बघायचं, मगच घोड्याच्या पायांकडे वळायचं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, पदकं डाव्या छातीवर असतात. माणूस नसेल तर भिंतीवरची एखादी पाटी, दुकानाचं नाव, काहीही अक्षर शोधायचं.

तेव्हा तुमचा घोडा खरं तर उजवीकडे तोंड करून उभा होता. आपल्याला दिसतेय ती त्याची उजवी बाजू, आणि ती खाच उजव्या पुढच्या पायाला आहे. हे लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता वेळ. उघडी कॉलर आणि टाय हा ब्रिटिश अफसरांचा पोशाख पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रूढ झाला. मनगटी घड्याळ पुरुषांनी सर्रास वापरायला सुरुवात केली तीही त्याच युद्धात, त्याआधी खिशातलं असायचं. म्हणजे निगेटिव्ह पणजोबांच्याच काळातली. जुन्या फोटोची नक्कल हा रस्ता इथे बंद झाला, आणि त्याबरोबर मसूदही. सुरंग आहे, अरबी ढंगाचा आहे, पंचकल्याणी आहे, पण तो मसूद नाही.

त्या तीन रेघा मला सगळ्यात बोलक्या वाटतात. त्या डागण्या आहेत. लंगडणं, खांदा धरणं, कसलीही सूज असो, बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब लोकांचा उपाय एकच, तापलेली सळई. वाळवंटातून आलेल्या घोड्यांच्या जुन्या वर्णनांत या खुणा पुन्हा पुन्हा येतात. पाशांच्या आणि राजपुत्रांच्या पागेत जपून वाढवलेल्या घोड्यावर त्या नसतातच असं नाही, पण अशी समांतर ओळ दिसली की माझं मन आधी सीरियाच्या किंवा अरबस्तानच्या वाळवंटाकडे जातं. कैरोत शर्यतीसाठी आणि पोलोसाठी असे घोडे सीरियाकडून येतच असत.

---

अश्वमित्र७:

पण काका, "अलीपाशाचा" हे त्यांनी उगीच का लिहिलं असेल? मसूद नसेल, पण अली पाशाच्या रक्तातला दुसरा कुणी असू शकतो ना? आणि घराणं डोक्यावरून ओळखता येतं असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. सकलावी बारीक आणि देखणा, कुहैलान भरदार.

---

पागेदार:

अली पाशाच्या रक्तातला असू शकतो, यात खोट नाही. आधी ते रक्त कुठून कुठे गेलं ते बघू, म्हणजे शक्यता किती लहान आहे ते कळेल.

मुळात हा संग्रह अब्बास पाशाचा. इजिप्तचा राज्यकर्ता, घोड्यांपायी वेडा झालेला माणूस. बदू टोळ्यांकडून हवी ती घोडी हवी त्या किमतीला आणवायचा आणि प्रत्येक जनावराची कुळी तिथल्या लोकांच्या साक्षीने लिहून घ्यायचा. १८५४ मध्ये त्याचा खून झाला. मुलाला घोड्यांचं प्रेम नव्हतं, १८६० मध्ये संग्रह विकला गेला आणि त्यातला निवडक भाग अली पाशा शरीफने उचलला. मग साथींनी त्याच्या पागेतले कितीतरी घोडे नेले, उतारवयात कर्ज झालं, आणि शेवटी तो लिलाव. लेडी ॲनने त्यातले काही घेतले आणि कैरोजवळच्या शेख ओबेदच्या बागेत ठेवले, काही इंग्लंडला पाठवले. बाकीचे इजिप्तच्या राजघराण्यातल्या लोकांकडे गेले. पणजोबांच्या काळात हे रक्त एवढ्याच मोजक्या दारांत होतं. लेडी ॲन डिसेंबर १९१७ मध्ये कैरोतच वारली. १९२० मध्ये तर इजिप्तच्या शाही कृषी संस्थेला आपलंच रक्त परत मिळवण्यासाठी क्रॅबेटहून घोडे विकत आणावे लागले. त्यांतला एक कास्मेयन. इजिप्तच्या कागदांत तो काझमीन झाला. नावं अशी बदलतात, आणि फोटोखालच्या नावांवर विसंबणारे फसतात ते इथेच.

असं दुर्मिळ जनावर एखाद्या अफसराच्या हाती लागणं अशक्य नाही, पण कठीण. "अलीपाशाचा" हे शब्द मात्र कैरोत कुणाच्याही तोंडी असतील. त्या शहरात सुरंग पंचकल्याणी घोडा विकायला काढणारा माणूस अली पाशाचं नाव घेतल्याशिवाय राहिला असेल, असं मला वाटत नाही. पणजोबांनी ऐकलं ते लिहिलं, आणि मसूदपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. सालोत्र्याची नजर होती, त्यांना डागण्या दिसल्याच असणार.

घराण्याचं म्हणाल तर अश्वमित्र, यावर मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. अरबी घोड्याचं घराणं आईकडून येतं. कुहैलान, सकलावी, अबैयान, हमदानी, हदबान ही नावं आईच्या आईची, तिच्याही आईची. मसूदचाच मुलगा अस्त्रालेद घ्या, १९०० चा. आई क्वीन ऑफ शीबा, अबैयान घराण्यातली, म्हणून अस्त्रालेदही अबैयान. बाप कितीही मोठा असो, तो घराणं देत नाही. आता विचार करा, दहा पिढ्यांमागची एक आजी आणि मधे आलेले दहा वेगवेगळ्या घराण्यांतले नर. त्यातून नाक तेवढं आजीचं राहील हे कसं मानायचं? घराण्यावरून तोंडवळा ओळखायचा हा विचार अरबी घोड्यांवर लिहिणाऱ्या कार्ल रासवानने विसाव्या शतकात फार पसरवला. एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या बंद ठेवून पैदास केली तर काही साम्य येईलही, पण ते त्या पैदाशीचं फळ. तुमच्यासमोरच्या अनोळखी घोड्याला ते लागू करता येत नाही.

---

रंगसूत्र:

त्यातल्या त्यात एक दिलासा. आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए असतो, त्यामुळे घराणं खरंच आईच्या ओळीने चालत आलंय का हे आज तपासता येतं. जिवंत वंशज हवेत किंवा निदान केस हवेत. ताई, अल्बममध्ये शेपटीचे केस जपून ठेवलेले नाहीत ना? त्या काळी लोक ठेवायचे.

---

जुनी_पेटी:

केस नाहीत. पण काकांनी "लिहून ठेवा, पुढे लागेल" म्हटलं होतं, ते आज लागलं.

बाकीचे चार फोटोही स्कॅन केले. चौथ्यात घोडे लांब दोराला ओळीने बांधलेत, शेवटच्या टोकाला एका खांबावर इंग्रजी अक्षरांची पाटी आहे. अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे हा फोटो उलटा नाही. ओळीतला तिसरा घोडा तोंड आपल्यापासून वळवून उभा आहे, तिरका. चारही पाय पांढरे. उजव्या पुढच्या पायाच्या मागे, सांध्याशी, तीच काळी त्रिकोणी खाच. उजव्या खांद्यावर तीन रेघा. मी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून चुलतभावाला काही न सांगता दाखवले, त्यानेही लगेच बोट ठेवलं.

आणि त्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर एक डाग आहे. बाणाच्या टोकासारखा, खाली लहान दांडा. हे काय असतं?

---

पागेदार:

सरकारी बाण. ब्रिटिश फौजेने विकत घेतलेल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर हा डाग मारत. अफसराच्या स्वतःच्या मालकीच्या घोड्यावर तो नसतो. म्हणजे तुमचा पंचकल्याणी सरकारी हजेरीतला घोडा होता, बहुधा तिकडेच खरेदी केलेला. तळावर बाकीचे उंच, लांब पायांचे दिसतायत ते ऑस्ट्रेलियाहून आलेले वेलर असावेत, इजिप्तमधल्या रिसाल्यांत त्यांचीच भरती होती. त्यांच्या मधे हा आखूड पाठीचा अरब उठून दिसला असणार, म्हणूनच त्याचा वेगळा फोटो काढला गेला.

एक शेवटचं बघून सांगा. चौथ्या फोटोत तो मागून तिरका दिसतोय म्हणता. तो नर आहे की खच्ची केलेला? फौज सहसा खच्ची घोडे आणि घोड्याच वापरायची. तो खच्ची असेल तर याची पुढची वंशावळ शोधायचं काम तरी वाचेल.

---

जुनी_पेटी:

खच्ची आहे. 😄

चुलतभावाला कळवलं. तो म्हणतो पाटी करणारच, मजकूर सांगा.

---

पागेदार:

"सुरंग पंचकल्याणी अरब, सरकारी घोडा, इजिप्त, पहिलं महायुद्ध." खाली पणजोबांची ओळ जशीच्या तशी, प्रश्नचिन्हासकट. आणि मोठा छाप काढताना स्कॅन उलटवून सरळ करून घ्या, म्हणजे तोंड उजवीकडे येईल. मूळ फोटोला हात लावू नका, त्याच्या पाठीवर पेनने तर काहीच लिहू नका. पेन्सिल टिकते, शाई पुढे पाझरते.

बाकीच्या तीन फोटोंत एखादा सब्जा असेल तर नवा धागा काढून टाका. त्याचं नाक ओलं दिसलं तर उत्तम, खालची गुलाबी कातडी आणि पांढऱ्याची कड तिथेच पकडता येते.